रोजा, शाळा आणि मैदान : फोर्डसन हायस्कूलच्या फुटबॉल हंगामाची ओळख

ऑगस्ट २०१०. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं डिअरबॉर्न शहर. रात्रीचे अकरा वाजलेत. तरावीह आटोपून लोक मशिदीतून घरी परतायला लागलेत. आणि तिथल्या फोर्डसन हायस्कूलच्या मैदानावर मात्र मोठमोठे दिवे लागलेत. हेल्मेट घातलेली, खांद्यावर जाड पॅड बांधलेली पंधरा-सोळा-सतरा वर्षांची पोरं रांगेत उभी आहेत. त्यांचा सराव आता सुरू होणार, तो पहाटे चारच्या सुमाराला संपणार. मग घरी जाऊन सहरी, फज्रची नमाज आणि झोप.

शाळेचा फुटबॉल संघ मध्यरात्री सराव करतो ही बातमी त्या वर्षी अमेरिकेतल्या मोठ्या वर्तमानपत्रांनी छापली. काहींनी नवल म्हणून, काहींनी कौतुक म्हणून. आम्हाला मात्र शिक्षक म्हणून त्यात आणखी एक गोष्ट दिसते. रोजा की खेळ, असा प्रश्न त्या शाळेने पोरांपुढे टाकलाच नाही. शाळेने फक्त घड्याळ सरकवलं. हे कसं झालं, त्यासाठी काय काय जुळून यावं लागलं आणि त्या हंगामातून आपल्याला काय घेता येईल, ते या लेखात सविस्तर पाहू.

गाव कुठलं, शाळा कुठली

डिअरबॉर्न हे डेट्रॉईटला लागून असलेलं, साधारण १ लाख १० हजार वस्तीचं शहर. हेन्री फोर्ड यांची मोटार कंपनी इथलीच. कंपनीचा अवाढव्य रूज कारखाना याच शहरात आहे. १९१४ मध्ये फोर्डने कामगारांना दिवसाला ५ डॉलर मजुरी जाहीर केली आणि जगभरातून माणसं कामाच्या शोधात इकडे वळली. त्यात तेव्हाच्या सीरिया-लेबनॉनकडचे अरब होते, पुढे येमेनी आले. १९७५ ते १९९० या काळात लेबनॉनमध्ये यादवी युद्ध पेटलं, तेव्हा दक्षिण लेबनॉनमधली कुटुंबंच्या कुटुंबं इथे आली. १९९१ च्या आखाती युद्धानंतर इराकी आले. आज या शहरातले निम्म्याहून जास्त लोक अरब वंशाचे आहेत.

पण ही वस्ती सहजासहजी स्वीकारली गेली असं मुळीच नाही. १९४२ ते १९७८ अशी ३६ वर्षं इथे महापौर असलेले ऑर्व्हिल हबर्ड हे वर्णभेदाचे उघड पुरस्कर्ते होते. काळ्या लोकांना शहरात राहू द्यायचं नाही हेच त्यांचं धोरण. त्यानंतर १९८५ च्या निवडणुकीत मायकेल गिडो यांनी वाटलेल्या प्रचारपत्रकात अरब रहिवाशांचा उल्लेख शहरापुढची एक 'समस्या' असा होता, आणि ती निवडणूक ते जिंकलेही. ज्या पोरांच्या आईबापांनी हे पत्रक वाचलं होतं, तीच पोरं पुढे शहराच्या नावाने मैदानात उतरली. २०२१ मध्ये याच शहराने अब्दुल्ला हम्मूद यांना महापौर म्हणून निवडून दिलं. शहराचे ते पहिले अरब आणि पहिले मुस्लिम महापौर. ही सगळी पार्श्वभूमी ठाऊक असल्याशिवाय फोर्डसनच्या फुटबॉलचं महत्त्व कळत नाही.

फोर्डसन हायस्कूल शहराच्या पूर्व भागात आहे. हा भाग कामगारांचा, नव्याने आलेल्या कुटुंबांचा. शाळेची इमारत १९२८ ची, एखाद्या जुन्या इंग्लिश विद्यापीठासारखी दिसणारी, मनोऱ्याची. 'फोर्डसन' म्हणजे फोर्ड आणि सन, फोर्ड आणि त्यांचा मुलगा. या भागाचं तेव्हा वेगळं शहर होतं आणि त्याचं नाव फोर्डसन होतं. पुढे ते डिअरबॉर्नमध्ये सामील झालं. फोर्डच्या ट्रॅक्टरचं नावही फोर्डसनच. म्हणून शाळेच्या संघाचं नाव पडलं 'ट्रॅक्टर्स'. निळा आणि सोनेरी हे त्यांचे रंग.

ही शाळा इस्लामी नाही, मदरसा नाही, तर सरकारी पैशावर चालणारी, सर्वांसाठी खुली असलेली साधी सार्वजनिक शाळा आहे. फक्त तिथे शिकणारी बहुतेक मुलं अरब आणि मुस्लिम आहेत. अमेरिकन कायद्याने अशी शाळा कुठल्या धर्माचा प्रचार करू शकत नाही. मात्र विद्यार्थ्याला आपला धर्म पाळता यावा म्हणून वेळेची सोय ती नक्कीच करू शकते. पुढची सगळी गोष्ट या फरकावरच उभी आहे.

हा फुटबॉल वेगळा

आपल्याकडे फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा खेळ. अमेरिकेत त्याला सॉकर म्हणतात. त्यांचा फुटबॉल वेगळा. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात घेऊन पळायचं किंवा फेकायचा, आणि समोरच्या संघाने अंगावर धावून जाऊन पळणाऱ्याला पाडायचं. प्रत्येक बाजूला ११ खेळाडू. मैदान १०० यार्डांचं. चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकता आलं तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू समोरच्या संघाकडे जातो. चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला की ६ गुण. हायस्कूलच्या सामन्यात १२ मिनिटांचे चार भाग असतात. पण मध्ये सारखा खेळ थांबत असल्यामुळे सामना दोन-सव्वादोन तास चालतो.

म्हणजे काय तर कुस्ती, कबड्डी आणि धावणं यांचं मिश्रण म्हणा ना. अंगावर हेल्मेट, खांद्याचे पॅड, मांड्यांचे पॅड. ऑगस्टच्या उन्हात हे सगळं चढवून पळायचं म्हणजे घामाच्या धारा लागतात. तहान सहन करणं हा या खेळात निव्वळ इच्छाशक्तीचा प्रश्न नाही. उष्माघाताने खेळाडू कोसळू शकतो, प्रसंगी जीवही जाऊ शकतो. म्हणूनच तिकडच्या प्रशिक्षकांना पाण्याची विश्रांती सक्तीने द्यायला शिकवलेलं असतं. रोजा आणि हा खेळ यांची गाठ पडते ती नेमकी इथे.

हंगाम कसा असतो

मिशिगनमधला शाळेचा फुटबॉल हंगाम ठरलेल्या चाकोरीतून जातो.

- ऑगस्टचा दुसरा आठवडा : सराव सुरू. शाळा अजून उघडलेली नसते, त्यामुळे दिवसातून दोन-दोन वेळा सराव घ्यायची रीत. हंगामातला सगळ्यात जड काळ हाच. संघात कोण राहणार, कोण कुठल्या जागी खेळणार हे इथेच ठरतं.
- ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबरचा शेवट : साखळीचे नऊ सामने. आठवड्याला एक, बहुधा शुक्रवारी संध्याकाळी.
- ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर : बाद फेरी. त्या काळात नियम असा होता की नऊपैकी सहा सामने जिंकले की बाद फेरीत जागा पक्की. आठ गट, प्रत्येक गटात ३२ संघ.
- नोव्हेंबरचा शेवट : अंतिम सामने. ते डेट्रॉईटच्या फोर्ड फील्ड या बंदिस्त स्टेडियममध्ये होतात.

शुक्रवारच्या संध्याकाळच्या सामन्याला सगळं गाव लोटतं. आजी-आजोबा, हिजाब घातलेल्या बहिणी, कारखान्यातून थेट आलेले बाप, शाळेचा बँड. आपल्याकडे एखाद्या गावच्या जत्रेतल्या कुस्त्यांच्या आखाड्याभोवती जी गर्दी आणि जो जोश असतो, तसाच काहीसा प्रकार.

फोर्डसनची या खेळातली परंपरा जुनी आहे. राज्याचं विजेतेपद शाळेने चार वेळा मिळवलं, त्यातलं अलीकडचं १९७१ चं आणि शेवटचं १९९३ चं. शहराच्या पश्चिम भागातलं डिअरबॉर्न हायस्कूल हे त्यांचं जुनं प्रतिस्पर्धी. पूर्वेकडची कामगार वस्ती विरुद्ध पश्चिमेकडची सुखवस्तू वस्ती, असा एक पदर या सामन्याला आपोआप येतो.

दोन कॅलेंडरांची गाठ

हिजरी वर्ष चंद्रावर चालतं आणि ते ३५४ किंवा ३५५ दिवसांचं असतं. त्यामुळे रमजान दर वर्षी इंग्रजी कॅलेंडरमध्ये १०-११ दिवस अलीकडे येतो. फुटबॉलचा हंगाम मात्र जागचा हलत नाही. त्यामुळे रमजान हंगामाच्या मागच्या दाराने शिरतो, हळूहळू पुढे सरकत जातो आणि पुढच्या दाराने बाहेर पडतो. या फेऱ्यात तो हंगामात साधारण असा फिरला. (चंद्रदर्शनाप्रमाणे एका दिवसाचा फरक धरावा.)

- २००१ : १७ नोव्हेंबरपासून. हंगामाच्या अगदी शेवटाला स्पर्श.
- २००३ : २७ ऑक्टोबर ते २४ नोव्हेंबर. बाद फेरीचा काळ.
- २००६ : २४ सप्टेंबर ते २३ ऑक्टोबर. साखळी सामन्यांचा उत्तरार्ध.
- २००८ : १ ते २९ सप्टेंबर. साखळी सामन्यांचा पूर्वार्ध.
- २००९ : २२ ऑगस्ट ते १९ सप्टेंबर. सरावाचा शेवट आणि पहिले सामने.
- २०१० : ११ ऑगस्ट ते ९ सप्टेंबर. जवळजवळ सगळा सराव आणि पहिले सामने.
- २०११ : १ ते २९ ऑगस्ट. सराव पूर्ण रोज्यात.
- २०१३ : ९ जुलै ते ७ ऑगस्ट. हंगामाच्या बाहेर.

यादी नीट पाहिली की लक्षात येतं, प्रत्येक वर्षीची अडचण वेगळी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला रोजा लहान असतो आणि हवा थंड असते. मिशिगनच्या त्या थंडीत तहान फारशी लागत नाही, आणि सामना सुरू व्हायच्या आधीच इफ्तार होऊन गेलेला असतो. सप्टेंबरमध्ये इफ्तार नेमका सामन्याच्या मध्ये येतो. ऑगस्टमध्ये रोजा साडेपंधरा तासांच्या पुढे जातो, ऊन कडक असतं आणि सराव दिवसातून दोनदा. म्हणजे २०१० आणि २०११ हे सगळ्यात अवघड हंगाम. एका वर्षी चाललेली युक्ती दुसऱ्या वर्षी चालत नाही. म्हणून 'मागच्या वर्षी कसं केलं होतं?' या प्रश्नाचा इथे उपयोग नाही, दर वर्षी नव्याने विचार करावा लागतो.

आणखी एक योगायोग पाहा. ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला ज्या हंगामात झाला, त्याच हंगामाच्या शेवटी रमजान फुटबॉलच्या दिवसांत शिरला. म्हणजे जी दहा-बारा वर्षं अमेरिकेतल्या मुसलमानांसाठी सगळ्यात जास्त संशयाची होती, त्याच वर्षांत ही पोरं उघड्यावर, हजारो लोकांसमोर, रोजा ठेवून खेळत होती.

२००९ : कॅमेऱ्यासमोरचा हंगाम

२००९ मध्ये डिअरबॉर्न हायस्कूलबरोबरचा सामना रमजानच्या शेवटच्या दिवसांत आला. दिग्दर्शक रशीद गाझी यांनी त्या दिवसांत संघाचं चित्रीकरण केलं. रमजानचा अखेरचा अशरा, एकीकडे इबादतीचे दिवस, दुसरीकडे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या सामन्याची तयारी. त्यातून 'फोर्डसन : फेथ, फास्टिंग, फुटबॉल' हा माहितीपट तयार झाला. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याला दहा वर्षं होत असताना, सप्टेंबर २०११ मध्ये, तो अमेरिकेतल्या काही शहरांच्या चित्रपटगृहांत लागला.

या माहितीपटाचं वैशिष्ट्य म्हणजे त्यात मुसलमान कुणाला उत्तर देताना, सफाई देताना दिसत नाहीत. ते कामाला जातात, जेवण बनवतात, मुलांना ओरडतात, सामना बघून आरडाओरडा करतात. मुलगा शाळेच्या संघात आहे याचा बापाला अभिमान आहे आणि मुलगा रोजा ठेवतो याचाही. बस्स, एवढंच. आपल्याविषयी पडद्यावर इतकं साधं काही फार कमी दाखवलं जातं.

२०१० : घड्याळ सरकवलं

२००९ मध्ये रमजान २२ ऑगस्टला लागला, तोवर सुरुवातीचा जड सराव बराचसा उरकलेला होता. २०१० मध्ये तशी पळवाट नव्हती. सराव सुरू होऊन दोन-तीन दिवस होतात न होतात तोच रमजान लागणार होता.

संघाचे मुख्य प्रशिक्षक होते फुआद झबान. ते स्वतः याच शाळेचे माजी विद्यार्थी आणि याच संघाचे माजी खेळाडू. रोजा ठेवून खेळणं म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली, नेहमीसारखा दिवसा सराव घ्यायचा. पण पाण्याविना उन्हात पोरांना पळवणं धोक्याचं. दुसरी, सराव हलका करायचा. मग बाकीचे संघ पुढे निघून जाणार, आणि कच्च्या तयारीने या खेळात उतरलं तर हाडं मोडण्याची भीती. तिसरी, पोरांनाच सांगायचं की बाबांनो, सरावाच्या दिवशी रोजा ठेवू नका. हे सांगण्याचा अधिकार शाळेला नाही, आणि पोरांनी ते ऐकलंही नसतं.

झबान यांनी चौथी वाट काढली. सराव रात्री अकरा ते पहाटे चार.

ही वेळ किती विचार करून निवडली आहे ते पाहा. ऑगस्टच्या मध्याला डेट्रॉईट परिसरात सूर्य साधारण साडेआठला मावळतो. तेव्हा इफ्तार. मग मगरिबची नमाज आणि जेवण. त्यानंतर इशा आणि तरावीह. अकरापर्यंत पोटातलं अन्न बऱ्यापैकी जिरलेलं, अंगात पाणी गेलेलं आणि इबादतही झालेली. सरावाच्या पाच तासांत हवं तेव्हा पाणी पिता येतं. फज्रची वेळ पाचच्या सुमाराला. म्हणजे सराव संपल्यावर सहरीला पुरेसा वेळ, आणि दिवसभराच्या रोज्याआधी शरीराचं पाणी भरून काढायची संधी. मग दिवसा झोप. शाळा अजून उघडलेली नव्हती म्हणूनच हे जमण्यासारखं होतं.

अर्थात हे एकट्या प्रशिक्षकाच्या हातात नव्हतं. अल्पवयीन मुलं रात्रभर बाहेर राहणार म्हणजे पालकांची तयारी हवी. मैदानाचे दिवे पहाटेपर्यंत जळणार म्हणजे शाळेच्या प्रशासनाचा होकार हवा. शेजारच्या वस्तीला आवाजाचा त्रास होणार आणि मध्यरात्री पोरांचे घोळके रस्त्यावर दिसणार, म्हणजे शेजारी आणि पोलीस यांना कल्पना असायला हवी. संघात थोडे बिगरमुस्लिम खेळाडूही होते. त्यांना रोजा नव्हता, पण संघ एक म्हटल्यावर सराव एकत्रच. तेही रात्री येत राहिले. आमच्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोठी गोष्ट ही आहे. सोय करून घेणाऱ्यांइतकंच श्रेय सोय होऊ देणाऱ्यांनाही द्यायला हवं.

सामन्याच्या संध्याकाळी

सराव रात्री नेता येतो, सामना नेता येत नाही. शुक्रवारची संध्याकाळ सातची वेळ ठरलेली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सूर्य आठच्या आसपास मावळतो. म्हणजे पहिला तासभर रोज्यात खेळायचं. सूर्यास्त साधारण मध्यंतराच्या सुमाराला येतो. बाकावर खजूर आणि पाण्याच्या बाटल्या तयार ठेवायच्या, वेळ झाली की रोजा सोडायचा आणि दुसऱ्या अर्ध्यासाठी पुन्हा उभं राहायचं. भरपेट खाता येत नाही, खाल्लं तर पळता येत नाही. दोन-तीन खजूर, पाणी, एखादं फळ. रोजा साधेपणाने सोडायची जी सुन्नत आहे तीच इथे खेळाच्याही सोयीची ठरते.

त्या वर्षी ईदुल फित्र आली १० सप्टेंबरला. नेमका शुक्रवार, आणि दुसऱ्या दिवशी ११ सप्टेंबर. देशात तेव्हा वातावरण तापलेलं होतं. न्यूयॉर्कमध्ये हल्ल्याच्या जागेजवळ इस्लामी केंद्र बांधण्यावरून वाद पेटला होता. फ्लोरिडातल्या एका पाद्र्याने ११ सप्टेंबरला कुरआनच्या प्रती जाळण्याची धमकी दिली होती, ती ऐनवेळी मागे घेतली. पुष्कळ अमेरिकन मुसलमानांनी त्या वर्षी ईद दबकत साजरी केली. अशा दिवसांत डिअरबॉर्नची पोरं महिनाभर मध्यरात्री कसली तयारी करत होती, तर अमेरिकेच्या सगळ्यात अमेरिकन खेळाची. यापेक्षा वेगळं उत्तर ते काय असणार?

शरीर आणि शरीअत

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, नाहीतर गैरसमज होतो. आजारी माणसाला आणि मुसाफिराला रोज्यात सवलत आहे. राहिलेला रोजा नंतर कजा करायचा. खेळ हे काही त्या सवलतीचं कारण होत नाही, असं उलेमा साधारणपणे सांगतात. पण जीव धोक्यात घालून रोजा पुढे रेटावा असंही दीन सांगत नाही. चक्कर आली, उलट्या झाल्या, शुद्ध हरपायला लागली तर पाणी प्यायलाच हवं. हे मुलाला आधीच, स्पष्ट शब्दांत आणि सगळ्यांसमोर सांगून ठेवलं पाहिजे. कारण पंधरा-सोळा वर्षांचं पोर मित्रांपुढे कमीपणा नको म्हणून गप्प बसतं. आम्ही वर्गात हे पाहिलेलं आहे. डोकं दुखत असतं, तोंड सुकलेलं असतं, पण विचारलं की म्हणतं, "कुछ नहीं सर, ठीक हूँ."

रोजा ठेवून मोठ्या स्तरावर खेळलेल्यांची उदाहरणं कमी नाहीत. बास्केटबॉलपटू हकीम ओलाजुवॉन फेब्रुवारी १९९५ मध्ये रोजे ठेवून खेळले आणि त्याच महिन्याचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधले हुसैन अब्दुल्ला यांनी हजसाठी २०१२ चा अख्खा हंगाम सोडला. ते २०१३ मध्ये परतले, २०१४ मध्ये गुण मिळवल्यावर सजद्यात गेले म्हणून पंचांनी त्यांच्या संघाला दंड केला, आणि दुसऱ्या दिवशी लीगने तो निर्णय चुकीचा होता असं मान्य केलं. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये एप्रिल २०२१ मध्ये लेस्टर आणि क्रिस्टल पॅलेस यांच्या सामन्यात इफ्तारसाठी खेळ काही क्षण थांबवण्यात आला. पण हे सगळे मोठे, पगारी खेळाडू. त्यांच्यामागे डॉक्टर असतात, आहारतज्ज्ञ असतात. शाळेच्या पोरामागे असतात ते फक्त आईबाप आणि शिक्षक.

हंगामाचा हिशेब

कुठल्याही हंगामाचा आढावा घेताना पहिला प्रश्न येतो, करंडक आला का? नाही आला. १९९३ नंतर राज्याचं विजेतेपद फोर्डसनकडे आलेलं नाही, २०१० मध्येही आलं नाही. तरीही पंधरा वर्षांनी आपण त्या वर्षीचे विजेते कोण हे विचारत नाही, मध्यरात्री सराव करणारी शाळा कुठली हे विचारतो.

हिशेबाच्या वहीत लिहायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. एक, कुणालाही संघ आणि रोजा यांपैकी एक निवडावं लागलं नाही. दोन, खेळाचा दर्जा किंवा मेहनत कमी केली नाही, फक्त वेळ बदलली. सवलत मागणं आणि वेळ बदलणं यात फरक आहे. सवलतीत 'आम्हाला कमी करू द्या' असतं, वेळ बदलण्यात 'आम्ही तेवढंच करू, पण या वेळी' असतं. तीन, निर्णय घेणाऱ्या खुर्चीत त्या वस्तीतून आलेला, त्याच मैदानावर घडलेला माणूस होता. झबान यांच्या जागी परका माणूस असता तर तोही कदाचित सहानुभूतीने वागला असता, पण तरावीह किती वाजता संपते हे त्याला विचारावं लागलं असतं.

आपल्यासाठी

३३ चांद्र वर्षं म्हणजे जवळपास ३२ सौर वर्षं. २०१० सारखाच ऑगस्टमधला रमजान पुन्हा येईल तो २०४२ मध्ये. त्या रात्री पळणाऱ्या पोरांची मुलं कदाचित तेव्हा त्याच मैदानावर असतील. आपल्याकडेही ते चक्र तसंच फिरतं. महाराष्ट्रात शालेय क्रीडा स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी होतात, आणि त्यांच्या पहिल्या पायऱ्या बहुधा पावसाळ्यात येतात. फुटबॉलच्या सुब्रतो कपाच्या निवड फेऱ्याही याच दिवसांत. २०१० ते २०१५ या वर्षांत रमजान याच महिन्यांत होता. तेव्हा किती मुलांनी रोज्यामुळे संघात नाव दिलं नाही आणि किती जणांनी संघासाठी रोजा सोडला, याची नोंद कुणी ठेवली नाही. आम्हीही ठेवली नाही.

सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये आहे. म्हणजे मैदानाचा प्रश्न मिटला, पण दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षा त्याच दिवसांत आल्या. इथे वेळ बदलणं शाळेच्या हातात नाही. पण पुष्कळ गोष्टी हातात आहेत. उर्दू शाळांची वेळ रमजानमध्ये सकाळची करायची रीत बऱ्याच ठिकाणी आहेच. मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत आपली मुलं आहेत, तिथे पालकांनी मुख्याध्यापकांना आधी भेटून बोलावं. सराव परीक्षा रमजानपूर्वी उरकता येतात का, जादा तास दुपारऐवजी सकाळी ठेवता येतात का, क्रीडा शिक्षकाला रोजेदार मुलांची यादी दिली आहे का. भांडायची गरज नाही, आधी जाऊन बोलायची गरज आहे. ऐन रमजानात तक्रार घेऊन गेलं की शाळेलाही काही करता येत नाही. डिअरबॉर्नमध्ये सगळ्यांशी बोलणं आधी झालं होतं, दिवे नंतर लागले.

आमची एक साधी सूचना आहे. जूनमध्ये शाळेचं वार्षिक नियोजन होतं तेव्हा स्टाफरूममधल्या कॅलेंडरवर हिजरी महिनेही लिहून ठेवा. रमजान, दोन्ही ईदा, आणि एका दिवसाची मागेपुढे मोकळीक. सहामाही, वार्षिक, स्नेहसंमेलन, सहल, स्पर्धा, सगळ्या तारखा त्याच्या शेजारी लावून पाहा. जिथे टक्कर दिसेल तिथे पेन्सिलने खूण करा आणि तेव्हाच मुख्याध्यापकांशी बोला. अर्ध्या तासाचं काम आहे. त्या अर्ध्या तासावर एखाद्या पोराचा पूर्ण हंगाम वाचू शकतो.